गॉगल लावला तरी डोळे दिपतात? काच अजून काळी करायच्या आधी हे तपासा

"दादा, काच थोडी अजून काळी करून द्या न." होळी झाली की हे वाक्य आमच्याकडे सुरू होतं ते थेट पहिल्या पावसापर्यंत. मी नागपूरला बर्डीवर चष्म्याच्या दुकानात फिटिंगच्या टेबलावर बसतो, अठरा वर्षं झाली, आणि या एका तक्रारीचे गॉगल हातातून इतके गेले की आता माणसानं काउंटरवर गॉगल ठेवला की आधी कुठं बघायचं ते समजतं. बहुतेक वेळा काच काळी करून काही होत नाही, उलट त्रास वाढतो. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो त्याच क्रमानं लिहून राहिलो, आधी फुकटातलं, मग पैशाचं.

आधी त्रास नेमका कोणता ते ओळखा

लोक सगळ्यालाच "ऊन लागतं" म्हणतात, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात. तुमचं यातलं कोणतं ते बघा.

– सगळं अंधारं दिसतं, तरी रस्त्याची चमक डोळ्यात घुसतेच.
– ऊन पाठीमागून आलं की काचेत स्वतःचाच डोळा आणि गाल दिसतो.
– अर्ध्या तासात कपाळ जड होतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात, गॉगल काढला की बरं वाटतं.
– अंडरपासमध्ये शिरलं की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही.
– मोबाइल, पेट्रोल पंपाचा डिस्प्ले, गाडीचं मीटर काळं पडतं किंवा त्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात.
– डे-नाइट काच (उन्हात आपोआप काळी होणारी) गाडीत काळी होतच नाही, किंवा भर नवतप्यात पाहिजे तेवढी होत नाही.
– एका डोळ्याला जास्त उजेड लागतो, दुसऱ्याला कमी.
– गॉगल काढून सावलीत बसल्यावरही उजेड सहन होत नाही.

शेवटचं ज्याचं असेल त्यानं मधलं सगळं सोडून खाली डॉक्टरचं लिहिलंय तिथं जा. तो गॉगलचा प्रश्न नाही.

सगळ्यात आधी, काच धुवा

हसू नका, दर हंगामात कितीतरी लोकांचा त्रास इथंच संपतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा सुटली की बारीक धूळ काचेवर बसते, त्यात घाम, त्यात सनस्क्रीनचं तेल. आता हे महत्त्वाचं काहून, तर स्वच्छ काचेतून प्रकाश सरळ जातो, पण धुळीच्या कणावर आणि तेलाच्या थरावर पडला की तो चहूकडे फुटतो आणि डोळ्यासमोर पांढरट धुकं तयार होतं. काच कितीही काळी असली तरी हे धुकं तसंच राहतं, कारण ते काचेवरच तयार होऊन राहिलं. मग माणसाला वाटतं शेड कमी पडली.

धुवायचं ते वाहत्या पाण्याखाली, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजूंनी, मग मऊ सुती कपड्यानं टिपायचं. दुपट्ट्यानं, शर्टाच्या टोकानं कोरडं पुसू नका, ती धूळ म्हणजे बारीक रेतीच असते, पुसलं की काचेला ओरखडे.

धुऊन झालं की ट्यूबलाइटखाली काच तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. गोल-गोल केसासारखे ओरखडे दिसले तर ते पुसण्याचे. आणि जर कोरड्या तलावाच्या तळाला भेगा पडतात तसं बारीक जाळं दिसलं, तर ते कोटिंग फाटलंय. हे आपल्याकडे फार होतं, कारण गॉगल कारच्या डॅशबोर्डवर नाहीतर गाडीच्या डिक्कीत राहतो. उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो, तिथं प्लास्टिकची काच जास्त फुगते आणि वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, म्हणून तडकतं. त्याला पॉलिश नाही, टूथपेस्ट नाही, काही नाही. काच बदलायची. इथंच थांबा, पुढचं तपासून उपयोग नाही कारण फाटलेल्या काचेतून काहीही बरं दिसणार नाही.

दुसरं, उजेड कुठून येतो ते बघा

यालाही पैसे लागत नाहीत. गॉगल लावून उन्हात उभे राहा, सूर्याकडे बघू नका, समोर रस्त्याकडे बघा. आता एक पंजा भुवईवर छज्जासारखा धरा. आराम पडला? मग उजेड वरून येऊन राहिला. पंजे कानशिलाजवळ धरून बघा, मग गालाजवळ. ज्या जागी हात ठेवल्यावर डोळे सैल पडतात ती तुमची गळती.

मेच्या दुपारी ऊन डोक्यावर असतं आणि छोट्या चपट्या फ्रेममध्ये वरून भरपूर जागा राहते. काचेतून आलेला उजेड सहापट कमी केला आणि कडेनं पूर्ण उजेड आला तर डोळ्याची पंचाईत होते, कारण काळ्या काचेमुळे बाहुली मोठी होते आणि तो कडेचा उजेड त्या मोठ्या बाहुलीतून आत जातो. म्हणजे काच जेवढी काळी तेवढी कडेची गळती जास्त टोचते. मी वर म्हटलं न, काळी करून त्रास वाढतो, ते यासाठी.

उपाय साधे आहेत. नोज पॅड थोडे आत-बाहेर करून फ्रेम चेहऱ्याजवळ आणता येते, कुठल्याही दुकानात पाच मिनिटांत होतं, पापण्या काचेला लागू नये एवढंच बघायचं. काडी कानामागे सैल असली तर फ्रेम खाली घसरते आणि वरची फट वाढते, ती वाकवून घ्या. टोपी घाला. पुढचा गॉगल घेताना मोठी किंवा कानशिलाकडे वळलेली फ्रेम घ्या.

आणि पाठीमागून ऊन असताना स्वतःचा डोळा दिसतो त्यांच्यासाठी: काचेच्या आतल्या बाजूवर पडलेला उजेड आरशासारखा परत डोळ्यात येतो. बाहेरची बाजू काळोखी असली की ते प्रतिबिंब जास्तच उठून दिसतं. यावर आतल्या बाजूला एआरसी, म्हणजे उजेड परत न फेकणारं कोटिंग असलेली काच लागते. नंबरचा गॉगल बनवायला टाकताना "आतून एआरसी टाका" एवढं सांगा, कारण शेड आधी चढवावी लागते आणि कोटिंग मग, उलटं होत नाही. कोटिंग झालेल्या काचेवर रंग चढत नाही. म्हणून कोटिंगवाला गॉगल घेऊन कोणी "अजून काळा करा" म्हटलं की आम्ही नाही म्हणतो, ते टाळणं नाही, होतच नाही.

तिसरं, काडीच्या आत काय लिहिलंय ते वाचा

चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून बारीक अक्षरात एक आकडा असतो, ० ते ४, किंवा "कॅट ३" असं, किंवा सूर्य-ढगाचं चित्र. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून वाचा. काचेतून दिसणारा उजेड किती टक्के आत येतो त्याला व्हीएलटी म्हणतात, आणि हा आकडा म्हणजे त्याचा वर्ग. आयएसओ १२३१२-१ या मानकात हे वर्ग असे आहेत: ० म्हणजे ८० ते १०० टक्के, जवळपास पांढरी काच. १ म्हणजे ४३ ते ८०. २ म्हणजे १८ ते ४३. ३ म्हणजे ८ ते १८. ४ म्हणजे ३ ते ८ टक्के.

नागपूरच्या उन्हाळ्यात रोजच्या वापराला ३ बरोबर आहे, पावसाळ्यात ढगाळ दिवसाला २. ४ हा बर्फाचे डोंगर, हिमनद्या अशा ठिकाणासाठी असतो आणि गाडी चालवताना वापरायचा नाही, मानकातच तसं आहे. तरी दुकानात लोक सगळ्यात काळा कोणता तोच मागतात.

इथं एक गोंधळ सांगतो जो मला दर आठवड्याला निस्तरावा लागतो. दुकानात "८० टक्के शेड" म्हटलं की त्याचा अर्थ ८० टक्के उजेड अडवला, म्हणजे व्हीएलटी २०. आणि कंपनीच्या कागदावर "२० टक्के" लिहिलं असेल तर तेही तेच. एक ताई मागं पंधरा टक्क्यांची काच पाहिजे म्हणून सांगून गेल्या, त्यांनी कुठंतरी व्हीएलटी वाचलं होतं, आणि आमच्याकडे नव्या मुलानं पंधरा टक्के शेड चढवली, म्हणजे ८५ टक्के उजेड आत! घरी जाऊन लावून बघितला तर नुसता चष्मा. चूक कोणाचीच नव्हती, आकडा एकच होता, बोलणारे दोन भाषा बोलत होते. म्हणून ऑर्डर देताना "उजेड किती आत यायला पाहिजे" ते बोला.

आता अंडरपासवाले. वाडीवरून रोज बाइकनं येणारा एक पोट्टा होता, डिलिव्हरीचं काम, तक्रार अशी की उन्हात ठीक आहे पण नरेंद्रनगरच्या अंडरपासमध्ये शिरलं की समोरची गाडी दिसत नाही, दोनदा ठोकता ठोकता वाचला. गॉगल बघितला तर ४ नंबर. हेल्मेट मागवलं तर त्याची काचही काळी. उजेडाची टक्केवारी एकावर एक ठेवली की गुणाकार होतो, हे लक्षात ठेवा. गॉगलमधून ५ टक्के आणि हेल्मेटच्या काचेतून ४० टक्के असं धरलं तर डोळ्यापर्यंत आले फक्त २ टक्के. भर दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, त्याचे २ टक्के म्हणजे २००० लक्स, छान वाटतं. पण पुलाखाली समजा २०० लक्स आहेत, त्याचे २ टक्के म्हणजे ४ लक्स, रात्रीच्या मिणमिणत्या गल्लीएवढे, आणि डोळ्याला त्याची सवय व्हायला वेळच नाही. त्याला हेल्मेटची पांढरी काच आणि ३ नंबरचा गॉगल दिला. पुलाखाली आता त्याला सहा-सातपट उजेड मिळतो.

कारवाल्यांनी पण हा गुणाकार करून बघा. पुढच्या काचेतून कमीत कमी ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे, आणि काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये मनाई केली. ७० टक्क्यांच्या काचेमागे १५ टक्क्यांचा गॉगल म्हणजे साडेदहा टक्के. पुरे आहे. त्यावर काही चढवायची गरज नाही.

चौथं, घरी मोजून बघा

काडीवर काही लिहिलेलं नसेल तर हे करा. फोनमध्ये लक्स मोजायचं फुकटचं अॅप टाका. फोन टेबलावर ट्यूबलाइटच्या बरोबर खाली सपाट ठेवा. उजेड मोजणारा सेन्सर वरच्या बाजूला सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो, बोट फिरवून बघा, आकडा पडला की सापडला. आधी उघड्यावरचा आकडा लिहा, समजा ३२०. मग काच सेन्सरला अगदी टेकवून ठेवा, समजा ४८ आले. ४८ भागिले ३२० म्हणजे १५ टक्के. आमच्या मशीनएवढं अचूक नाही येणार, पण १५ आहे की ४० आहे एवढं नक्की समजतं.

खरा उपयोग दोन काचांची तुलना करायला. ज्यांना एका डोळ्याला जास्त उजेड लागतो त्यांनी डावी-उजवी दोन्ही मोजा. फायबरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या काचेला शेड देताना ती ९० अंशांच्या वर तापलेल्या रंगाच्या पाण्यात बुडवतात, आणि किती मिनिटं राहिली त्यावर शेड ठरते. एक काच फुटली म्हणून नंतर एकटीच रंगवली की जोडी जमत नाही. मी १४ आणि २२ ची जोडी बघितली आहे, दिसायला दोन्ही काळ्याच. तो माणूस महिनाभर डोकेदुखीची गोळी घेत होता. रंग उन्हानं उडतो पण, जुन्या काचेचा जास्त उडालेला असतो, म्हणून बदलायची तर दोन्ही बदला किंवा दोन्ही एकदम पुन्हा रंगवून घ्या.

पाचवं, यूव्ही

इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. काचेचा काळेपणा आणि यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकमेकींशी संबंध नाही. पूर्ण पांढरी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची काच ३८० नॅनोमीटरपर्यंतचं (हे किरणाच्या लहरीच्या लांबीचं माप) यूव्ही स्वतःच्या गुणानं अडवते. आणि एखादी कोळशासारखी काळी काच यूव्ही सोडूही शकते. दुसऱ्या प्रकारची जास्त घातक, कारण उघड्या उन्हात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते, आपण डोळे बारीक करतो, हे डोळ्याचं स्वतःचं संरक्षण आहे. काळ्या काचेमागे बाहुली २ ची ४ झाली तर आत जायचं दार क्षेत्रफळानं चौपट झालं, आणि त्यातून यूव्ही आत चाललं. त्यापेक्षा गॉगल न लावलेला बरा. यूव्ही दिसत नाही, लगेच टोचतही नाही, म्हणून तुमच्या आजच्या त्रासात ते कळणार नाही, तरी तपासाच.

सोपी रीत: कोणत्याही चष्म्याच्या दुकानात काच मशीनवर तपासून मागा, मिनिटभराचं काम आहे. "यूव्ही ४००" लिहिलेलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंत अडलं पाहिजे. घरी यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात नोटेवर मारा, नोटेतल्या खुणा चमकतात. आता काच टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये धरा, डोळा आणि नोटेच्या मध्ये नाही, नाहीतर काळ्या काचेतून चमक तशीही दिसणार नाही आणि तुम्ही फसाल. चमक पार विझली तर काच चांगली. स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांचा थोडा उजेड ४०० च्या पलीकडे असतो, त्यामुळे चांगली काचही थोडी नापास दिसू शकते. ३६५ चा टॉर्च बरा. आणि टॉर्च डोळ्यात मारू नका, पोरांच्या हातात देऊ नका.

बर्डीच्या फुटपाथवरचे गॉगलही लोक माझ्याकडे मोजायला आणतात. काही यूव्हीत व्यवस्थित पास होतात, काही नाही, बघून सांगता येत नाही, किमतीवरूनही नाही. लहान मुलांच्या खेळण्यातल्या गॉगलवर मात्र विसंबू नका, मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त यूव्ही आत सोडतं.

सहावं, चमक जात नाही त्यांच्यासाठी पोलराइज्ड

पाणी, ओला डांबरी रस्ता, समोरच्या गाडीचं बोनेट, यांच्यावरून परत येणारा उजेड बहुतेक आडव्या दिशेनं कंप पावणारा असतो. पोलराइज्ड काचेत उभी चाळणी असते, ती आडवा उजेड अडवते. संध्याकाळी फुटाळा तलावावर उभं राहून असा गॉगल लावा आणि डोकं एकदम तिरपं करा, पाण्यावरची चमक गेलेली परत येते, पुन्हा सरळ केलं की जाते. हीच परीक्षा. घरी करायची तर लॅपटॉपच्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू फिरवा, कुठंतरी पडदा काळा पडला तर पोलराइज्ड, नाही पडला तर नुसती काळी काच, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

पण आपल्या गावात एक अडचण आहे. इकडचे बरेच रस्ते आता सिमेंटचे. खडबडीत पांढऱ्या सिमेंटवरून उजेड सगळ्या दिशांना विखरून येतो आणि विखुरलेल्या उजेडाला एक दिशा राहत नाही, म्हणून पोलराइज्ड काच तिथं डांबरावर दाखवते तेवढी करामत दाखवत नाही. वर नवं सिमेंट पडलेल्या उजेडाचा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत परत फेकतं, नवं डांबर विसावा हिस्सा. तुम्ही महागाची काच घेतली आणि सिमेंट रोडवर फरक दिसला नाही तर दुकानदारानं फसवलं असं लगेच समजू नका. तिथं खालून येणारा उजेड अडवणारी मोठी फ्रेम आणि ३ नंबरची शेड हेच कामाचं.

एक खास बिघाड सांगतो, गोल फ्रेमवाल्यांचा. गोल काच रिंगमध्ये फिरते. स्क्रू थोडा सैल झाला की पुसता पुसता काच वीस-तीस अंश फिरून जाते आणि चाळणीची दिशा चुकते. साध्या गॉगलला काही फरक पडत नाही, पोलराइज्डला पडतो, एका डोळ्याला चमक जाते आणि दुसऱ्याला राहते. एकेक डोळा मिटून बोनेटची चमक बघा. फरक दिसला तर दुकानात जा, स्क्रू सैल करून काच फिरवायची, पडद्यासमोर दिशा जुळवायची, पुन्हा आवळायचा. माझ्याकडे याचे पैसेही घेत नाही.

मोबाइल आणि मीटर काळं दिसणं हा बिघाड नाही, त्या पडद्यातही अशीच चाळणी असते. फोन आडवा करून बघा. गाडीचं मीटरच दिसत नसेल तर साधी काच घ्या, त्याला इलाज नाही. काचेत कडेला बुडबुडा किंवा पापुद्रा दिसला तर आतली फिल्म उन्हानं सुटली, ती चिकटवता येत नाही.

डे-नाइट काचेचं

लवकर सांगतो. ही काच यूव्हीनं काळी होते, आणि कारची पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात बहुतेक यूव्ही अडतं, म्हणून गाडीत ती पांढरीच राहणार. दुसरं, उष्णता तिला परत पांढरी करत असते, त्यामुळे ४५ अंशात ती अर्धवट काळी होते आणि तीच काच डिसेंबरच्या दुपारी जास्त गडद दिसते. काच बिघडली नाही, तिचा स्वभाव आहे. दोन-तीन वर्षांनी मात्र खरंच थकते. सावलीत ठेवून मग अंगणात उन्हात धरा, एक काच अर्धी हातानं झाकून, दोन मिनिटांनी हात काढा. झाकलेल्या आणि उघड्या भागात नीट फरक दिसला नाही तर बदला.

रंग

ग्रे रंगात सगळे रंग जसेच्या तसे दिसतात, ब्राउनमध्ये उठाव जास्त, हिरवा मधला. चालवायला हे तीनच. निळा, गुलाबी फोटोला ठीक. पिवळी काच "नाइट ड्रायव्हिंग" म्हणून विकतात, रात्री लावू नका, उजेड आधीच कमी असतो आणि ती अजून कमी करते. ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड देणारी कोणतीच काच रात्री चालवायला नाही.

सगळ्यात शेवटी, काचेची घडण आणि नंबर

डोकं जड होणारे, हे तुमच्यासाठी. गॉगल हात लांब करून धरा, काचेतून दाराच्या चौकटीकडे बघा आणि गॉगल हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. चौकटीची रेघ सरळ राहिली तर ठीक. पाण्यात बघितल्यासारखी लचकली तर काच साच्यातच वाकडी निघाली आहे, डोळे दिवसभर ती दुरुस्त करत बसतात आणि कपाळ दुखतं. फेकून द्या. नंबरच्या गॉगलला ही परीक्षा चालत नाही, नंबरमुळे रेघ हलणारच. तिथं पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांतलं अंतर, पुन्हा मोजून घ्यावं लागतं, आणि फ्रेम जास्त वळलेली असेल तर नंबरच त्या हिशोबानं काढावा लागतो. हे घरी होत नाही आणि स्वस्तही नाही, चुकलं असेल तर काचा नव्यानं बनवाव्या लागतात. म्हणून शेवटी ठेवलं.

घरी करू नका

केसांच्या ड्रायरनं फ्रेम तापवून वाकवू नका, पोलराइज्ड फिल्म सुटते. गॉगलवर कारची फिल्म चिकटवू नका, हो, आणलेत लोकांनी. बिनरिमची काच स्वतः उघडू नका, भोकाजवळ तडकते. आणि हिंगणा एमआयडीसीकडे काम करणाऱ्या भावांनो, गॉगल लावून वेल्डिंग बघू नका. सगळ्यात काळा गॉगलही ३ टक्के उजेड सोडतो, वेल्डिंगची १० नंबरची काच हजारातला एक हिस्साही सोडत नाही.

डॉक्टरकडे केव्हा

हे सगळं करून आठवडाभरात फरक नाही, तर दुकानं बदलत फिरू नका. डोळा लाल, दुखतो, उजेड नको वाटतो आणि धूसर दिसतं, तर त्याच दिवशी जा. अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक, किंवा कडेनं पडदा आल्यासारखं, तर त्याच दिवशी. दिव्याभोवती रंगीत कडी, सोबत डोकेदुखी आणि उलटी, तर रात्र असली तरी जा. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत डोळ्यांचा विभाग आहे.

आणि एक जे अचानक होत नाही. एक काका होते, शुगर होती त्यांना, वर्षात दोनदा काच अजून काळी करून नेली. दोन्ही वेळा म्हणाले आता स्पष्ट दिसतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना गॉगल काढून दारात उभं केलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली, नाही वाचता आली. आत सावलीत बसवून तीच पाटी दाखवली, वाचली. मोतीबिंदूचा एक प्रकार भिंगाच्या मागच्या बाजूला बरोबर मधोमध होतो, शुगरवाल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना जास्त. उन्हात बाहुली आकसली की तोच डाग पूर्ण वाट अडवतो, काळ्या काचेमागे बाहुली मोठी झाली की कडेनं दिसतं, म्हणून काळी काच हवीहवीशी वाटते. त्यांना मी पहिल्याच वेळी पाठवायला पाहिजे होतं, तेव्हा मला हे समजत नव्हतं. आता कोणी दुसऱ्यांदा "अजून काळी करा" म्हणत आलं की मी हीच पाटी वाचायला लावतो आणि मगच गॉगल हातात घेतो. तुम्हीही घरच्या म्हाताऱ्या माणसांना असं दारात उभं करून बघा.

डॉक्टरकडे जाताना जुना आणि नवा दोन्ही गॉगल सोबत न्या, आणि मोजलेले टक्के असतील तर तेही सांगा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले तर चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, घरच्या कोणाला तरी घेऊन जा.